महाड की महड?

२०२३ सालच्या मार्च महिन्याची एकोणीस तारीख. रविवार होता. संध्याकाळी सहाच्या सुमारास माझा फोन वाजला.

"अंकल, आम्ही महाडला पोचलो. तळंही दिसतंय. पण इथे सगळे लोक गणपतीच्या दर्शनाला चाललेत. बाबासाहेबांचा पुतळा कुठल्या बाजूला?"

मी महाडातच जन्मलो, महाडातच शिक्षकी करून निवृत्त झालो. वीस मार्चच्या आदल्या संध्याकाळी महाडात कशाची गर्दी असते ते मला ठाऊक आहे. म्हटले, "बाबा रे, देवळाचे नाव काय लिहिले आहे ते वाच." तो अडखळत वाचू लागला, "वरद... विनायक."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. पाहुणे महाडला पोचलेच नव्हते. ते महडला पोचले होते. अष्टविनायकांपैकी वरदविनायकाचे महड, तालुका खालापूर, खोपोलीजवळ. देवळाशेजारी तळे आहे हेही खरेच. दोन्ही गावे रायगड जिल्ह्यातली. मराठीत एका कान्याचा फरक, पण इंग्रजी अक्षरांत दोन्ही नावे अगदी एकसारखी लिहितात. आणि दोन्हींमध्ये अंतर शंभर किलोमीटरच्या वर!

गाडी चालवणारा हा मुलगा लंडनमध्ये जन्मलेला. देवनागरी तो लहान मुलासारखी अक्षर लावून वाचतो. शेजारी त्याचे वडील, वय ब्याऐंशी, मूळचे नागपूरकडचे. त्यांची आमची ओळख माझ्या मुलीमुळे. ती इंग्लंडात त्यांच्या शेजारी राहते. दादासाहेबांची एकच इच्छा होती, की हातपाय चालताहेत तोवर वीस मार्चला चवदार तळ्यावर उभे राहायचे. मुलाने आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढला, मुंबईत भाड्याची गाडी घेतली, फोनमध्ये गावाचे नाव टाकले आणि यादीत जे पहिले आले त्यावर बोट ठेवले. पुढचे सगळे यंत्राने बिनचूक केले. ज्या गावाला न्यायला सांगितले त्याच गावाला नेले.

आता या यंत्राला दोष देणे सोपे आहे. पण मी स्वतः या बाबतीत त्याचा ऋणी आहे. २०१८ च्या उन्हाळ्यात मी आणि आमची ही मुलीकडे इंग्लंडला गेलो होतो. तेव्हा याच मुलाने आम्हाला लंडन दाखवले. पहिल्याच रविवारी म्हणाला, "अंकल, तुम्ही महाडचे. तुम्हाला किंग हेन्रीज रोड दाखवलाच पाहिजे." दहा क्रमांकाचे हे घर म्हणजे बाबासाहेब १९२१-२२ मध्ये विद्यार्थी असताना जिथे राहत होते ते. महाराष्ट्र शासनाने ते २०१५ मध्ये विकत घेतले आणि तिथे स्मारक केले. मुलगा तिथे याआधी एकदाच गेला होता, तोही भुयारी रेल्वेने. त्याने यंत्रात पाच-सहा अक्षरे-आकडे टाकले आणि आम्ही निघालो. लंडनच्या त्या एकमार्गी, सारख्या दिसणाऱ्या रस्त्यांतून वळत वळत गाडी थांबली ती त्या घरासमोर. कोणाला विचारले नाही, कुठे चुकलो नाही. महाडच्या माणसाला परक्या देशात बाबासाहेबांच्या दारापर्यंत त्या यंत्राने नेऊन सोडले. आणि लंडनच्या माणसाला आपल्या देशात त्याच यंत्राने चवदार तळ्याऐवजी दुसऱ्याच तळ्यावर नेले. असे का व्हावे?

याचे एक उत्तर त्या पाच-सहा अक्षरांत आहे. ब्रिटनमध्ये टपालाचा संकेतांक फार बारीक असतो. एका संकेतांकात सरासरी पंधराएक घरे येतात. तो टाकला की गल्लीचा नेमका तुकडा मिळतो. आपला पिनकोड १९७२ च्या पंधरा ऑगस्टला सुरू झाला तो पत्रे टपाल कार्यालयापर्यंत नीट पोचावीत म्हणून. ४०२३०१ म्हणजे महाड, ४०२३०३ म्हणजे पोलादपूर. त्यात शहरही आले, आसपासची खेडीही आली. पुढचे काम पोस्टमनच्या डोक्यातल्या नकाशाचे. भारतीय टपाल खात्याने २०२५ मध्ये 'डिजिपिन' नावाचा दहा अक्षरांचा संकेतांक आणला आहे, तो सुमारे चार मीटर लांब आणि चार मीटर रुंद एवढ्या चौकोनाला नेमके नाव देतो. तो अंगवळणी पडेपर्यंत आपण नावांवरच अवलंबून राहणार, आणि आपली नावे म्हणजे काय सांगावे! रायगड म्हटले की आम्हाला पाचाडच्या वरचा किल्ला दिसतो. पण रायगड जिल्ह्याचेही नाव आहे, त्याचे मुख्यालय दूर अलिबागला, आणि छत्तीसगडातही एक रायगड आहेच.

पण मुळात हे यंत्र करते काय, ते समजून घेऊ. बऱ्याच लोकांची अशी समजूत असते की वरून उपग्रह आपली गाडी बघत असतो आणि "आता डावीकडे वळा" असे सांगत असतो. तसे काही नाही. उपग्रहाला आपण आहोत हेसुद्धा माहीत नसते.

पावसाळ्याच्या तोंडावर वीज चमकली की आपण आकडे मोजतो. एक, दोन, तीन... आणि मग गडगडाट. आवाज साधारण तीन सेकंदांत एक किलोमीटर येतो, म्हणून सहा आकडे झाले तर वीज दोन किलोमीटरवर पडली असे आपण म्हणतो. जीपीएसची युक्ती जवळपास हीच. पृथ्वीपासून सुमारे वीस हजार दोनशे किलोमीटर उंचीवर अमेरिकेचे निदान चोवीस उपग्रह फिरत असतात. प्रत्येकात अणुघड्याळ असते. प्रत्येक उपग्रह सतत एकच पालुपद घोळवत असतो, "मी अमुक ठिकाणी आहे आणि आता इतके वाजलेत." आपल्या फोनमधला रेडिओ ते नुसते ऐकतो. ऐकेपर्यंत सेकंदाचा सुमारे सात शतांश भाग गेलेला असतो. त्या उशिरावरून अंतर निघते. एका उपग्रहापासूनचे अंतर कळले तर आपण एका प्रचंड गोलावर कुठेतरी असतो, दुसऱ्याचे कळले की एका वर्तुळावर, तिसऱ्याचे कळले की दोन बिंदूंपैकी एकावर. त्यांतला एक बिंदू सहसा पृथ्वीपासून दूर असतो, तो सोडून द्यायचा.

मग चौथा उपग्रह कशाला लागतो? तर आपल्या खिशातले घड्याळ स्वस्त असते म्हणून. रेडिओलहर प्रकाशाच्या वेगाने येते. घड्याळ सेकंदाचा दहा लाखावा भाग चुकले तर अंतर तीनशे मीटरने चुकते. म्हणजे महाडच्या एसटी स्थानकावर उभा असलेला माणूस पार दुसऱ्या आळीत दिसायचा. चौथ्या उपग्रहाचे पालुपद ऐकून फोन आधी स्वतःचे घड्याळ लावून घेतो. आणखी एक गंमत अशी, की उपग्रहांवरची घड्याळे जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला अडतीस मायक्रोसेकंद पुढे धावतात. हे आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादामुळे. त्याचा हिशेब ठेवला नाही तर एका दिवसात दहा किलोमीटरच्या आसपास घोळ होईल. वर्गात सापेक्षता शिकवायची वेळ आली की मुले विचारायची, "सर, याचा उपयोग काय?" तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते. आता मुले फोन खिशात घेऊन फिरतात.

ही व्यवस्था मुळात अमेरिकी लष्कराची. १९८३ मध्ये कोरियन प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत गेले आणि पाडले गेले, त्यानंतर ती नागरी वापरासाठी खुली करण्याचे जाहीर झाले. तरीही नागरिकांना मिळणाऱ्या संदेशात मुद्दाम चूक मिसळलेली असे, शंभरेक मीटरची. २००० सालच्या मे महिन्यात ती भेसळ बंद झाली आणि त्यानंतरच गाडीत बसवायच्या यंत्रांचे पीक आले. आज रशियाची, युरोपची, चीनची अशा वेगवेगळ्या व्यवस्था आहेत. आपल्या इस्रोनेही २०१३ पासून उपग्रह सोडून 'नाविक' उभी केली.

इतके सगळे झाल्यावर त्या आकाशातून आपल्याला मिळते काय? फक्त दोन आकडे. महाडसाठी म्हणाल तर साधारण अठरा अंश पाच मिनिटे उत्तर आणि त्र्याहत्तर अंश पंचवीस मिनिटे पूर्व. बस. इथे रस्ता आहे, पूल आहे, तळे आहे, हे उपग्रह सांगत नाही. ते नकाशा सांगतो. आणि नकाशा माणसांनी केलेला असतो, कधीतरी केलेला असतो.

हा फरक मला पुस्तकातून नव्हे, इंग्लंडच्या एका गल्लीबोळात कळला. मुलीने विम्यात माझे नाव घालून घेतले होते. आपला परवाना तिथे पाहुण्याला बारा महिने चालतो आणि तिथेही गाड्या डावीकडूनच जातात, त्यामुळे मी खुशीत होतो. वरंध आणि आंबेनळी घाटात गाडी चालवलेल्या माणसाला इंग्लंडच्या गुळगुळीत रस्त्यांचे काय! पण पहिल्या दिवशीच घाम फुटला. पाटीवर तीस लिहिलेले, मी तीसने चाललो, मागे गाड्यांची रांग. तिथे वेग मैलांत असतो, तीस म्हणजे आपले अठ्ठेचाळीस, हे माहीत असूनही हाताला-पायाला माहीत नव्हते. यंत्रातली बाई यार्डांत बोलायची. मग येत ते मोठे वर्तुळ. "तिसऱ्या वाटेने बाहेर पडा," असे बाई सांगायची. मी समोरची वाट पहिली धरून मोजत होतो. मोजायचे असते आपण शिरलो तिथपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, डावीकडची पहिली. मी त्या वर्तुळाला तीन प्रदक्षिणा घातल्या. नात मागून म्हणाली, "आजोबा, मारुतीला घालता तशा!" एक बरे असते, की यंत्र रागावत नाही. चुकलो की निमूटपणे नवा हिशेब करते. शेजारी बायको बसली असती तर... जाऊ द्या.

आठवडाभरात मी सरावलो, आणि तिथेच फसलो. माणूस सरावला की बाहेर बघायचे सोडून पडद्याकडे बघू लागतो. एका दुपारी नातवंडांना घेऊन एका शेतावर स्ट्रॉबेऱ्या तोडायला निघालो होतो. आदल्या रात्री जोरदार पाऊस झालेला. यंत्राने हमरस्ता सोडायला लावले. रस्ता अरुंद होत गेला, दोन्ही बाजूंना उंच कुंपणे, आणि एका वळणावर रस्ता सरळ ओढ्यात शिरला. पूल नाही, आपल्याकडच्या फरशीसारखा प्रकार. कडेला पाण्याची खोली दाखवणारी आकड्यांची पट्टी उभी होती आणि पाणी गढूळ होते. पडद्यावर मात्र स्वच्छ सरळ रेघ. बाई म्हणते, "सरळ पुढे चला." मी ब्रेक दाबला. पलीकडून कुत्रे घेऊन येणारी एक म्हातारी हात हलवत ओरडली. मला तिचे बोलणे कळले नाही, हात कळला. मी गाडी अर्धा मैल मागे मागे घेत आणली. नात विचारत होती, "आजोबा, थांबलात का? ती तर जा म्हणत होती."

तिला काय सांगणार? मला त्या क्षणी सावित्री आठवली होती.

२ ऑगस्ट २०१६ ची रात्र महाडचा कोणीही माणूस विसरणार नाही. सावित्रीला पूर आलेला, धुवांधार पाऊस, आणि मुंबई-गोवा महामार्गावरचा ब्रिटिशांच्या काळातला दगडी पूल रात्रीच्या अंधारात वाहून गेला. दोन एसटी गाड्या आणि काही खासगी वाहने त्याबरोबर गेली. चालक रोजच्या रस्त्याने चालले होते. त्यांनी कोणती चूक केली? काल होता तो पूल आजही असणार, असे धरून आपण सगळेच चालतो. नकाशाही तेच धरतो. त्या रात्री काठावरच्या एका गॅरेजवाल्याच्या लक्षात आले की गाड्यांचे दिवे मध्येच नाहीसे होताहेत, आणि त्याने रस्त्यावर येऊन पुढच्या गाड्या थांबवल्या, असे तेव्हाच्या बातम्यांत आले होते. ही बातमी त्या घडीला जगातल्या कुठल्याही नकाशात नव्हती. पावसात उभ्या असलेल्या एका माणसाच्या हातात होती. पुढे १६५ दिवसांत नवा पूल उभा राहिला आणि २०१७ च्या जूनमध्ये खुला झाला.

असे प्रसंग नंतरही घडत राहिले. २०२१ च्या जानेवारीत पुण्याहून कळसूबाईकडे निघालेली एक गाडी अकोले तालुक्यात कोतूळजवळ रात्री धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर शिरली. दोघे कसेबसे बाहेर आले, चालक बुडाला. २०२४ च्या नोव्हेंबरात उत्तर प्रदेशात बरेलीजवळ अर्धवट पुलावरून गाडी खाली कोसळून तिघे गेले. २०२५ च्या जुलैत बेलापूरला एका बाईंची गाडी पुलाऐवजी पुलाखालच्या रस्त्याने थेट खाडीत गेली. सुदैवाने त्या वाचल्या. हा शेवटचा प्रकार समजण्यासारखा आहे. यंत्राला आपण कुठे आहोत ते बऱ्यापैकी कळते, पण किती उंचीवर ते तितके नेमके कळत नाही. पुलावर आणि पुलाखाली, दोन्हीकडे आकडे जवळपास तेच.

आमच्याकडच्या कशेडीचेही तसेच. पोलादपूर सोडून खेडच्या बाजूला जाताना आता बोगदा आहे, सुमारे दोन किलोमीटरचा. आत शिरलात की डोंगर डोक्यावर, उपग्रहांचे पालुपद ऐकू येणे बंद. पडद्यावरचा ठिपका एक तर थांबतो, नाही तर शेवटच्या वेगावरून अंदाजाने पुढे सरकतो. तिथे घाबरून गाडी हळू करायचे कारण नाही. पोलादपूरहून महाबळेश्वरला चढणाऱ्या आंबेनळी घाटात वेगळी अडचण. एका बाजूला कडा, आकाशाचा अर्धाच तुकडा दिसतो, आणि कड्यावर आपटून येणाऱ्या लहरी उशिरा पोचतात. ठिपका खालच्या वळणावरून उडी मारून वरच्या वळणावर बसतो. भर पावसात, धुक्यात वळण किती दूर आहे ते ठिपक्यावरून ठरवू नये. त्या घाटाने २०१८ च्या जुलैत दापोली कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस गिळली आहे. आणि पुण्याहून महाडला येताना यंत्र भोरवरून वरंध घाट सुचवते, कारण अंतर कमी. पावसाळ्यात तो घाट बंद ठेवण्याचे आदेश निघतात. तेव्हा अंतर बघू नये, ताम्हिणीने माणगावला उतरावे.

या घाटांत फोनला रेंज नसते, तेव्हा उपग्रहही बंद पडतो असे लोकांना वाटते. तो बंद पडत नाही. त्याला मोबाइलचा मनोरा लागत नाही. अडते ते नकाशाचे, कारण तो इंटरनेटवरून येत असतो. म्हणून निघण्यापूर्वी घरीच त्या भागाचा नकाशा फोनमध्ये उतरवून घ्यावा. परदेशात तर नक्कीच, नाही तर तिथल्या डेटाचे बिल पाहून भोवळ येते. आणि देश बदलला की कायदाही बदलतो. फ्रान्स, जर्मनी, स्वित्झर्लंड या देशांत वेग टिपणारे कॅमेरे कुठे आहेत ते चालकाला आधी सांगणारी सोय वापरणे गुन्हा आहे. ब्रिटनमध्ये गाडी चालवताना फोन हातात धरलेला चालत नाही, तो काचेपाशी किंवा डॅशबोर्डवर पक्का बसवावा लागतो.

आमच्या तळ्यालाही हे सगळे फार जुने आहे, असे मला कधी कधी वाटते. १९२३ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव झाला, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केले. कागदावर वाट मोकळी होती. प्रत्यक्षात कोणी जाऊ शकत नव्हते. १९२७ च्या वीस मार्चला बाबासाहेब आणि हजारो माणसे चालत गेली, तेव्हा ती वाट झाली, आणि कोर्टाचा अंतिम निकाल यायला १९३७ उजाडले.

तर त्या संध्याकाळी महडला उभ्या असलेल्या बापलेकांना मी सांगितले, की आधी गणपतीला नमस्कार करा, चहा प्या आणि मग पालीवरून वाकण फाट्याला या. तिथून महामार्ग. मी माझ्या दारातले ठिकाण नावाऐवजी ठिपक्याच्या रूपात फोनवर पाठवले. गावाचे नाव टाइपच करू नका म्हटले. माणगाव गेल्यावर एकदा फोन करा, दासगाव आले की आणखी एकदा. कारण आदल्या रात्रीपासून तळ्याकडच्या रस्त्यांवर माणसांची रीघ लागते, वाहनांना वाट मिळत नाही, आणि हे यंत्राला कोण सांगणार?

साडेदहा वाजता मी हमरस्त्याच्या कडेला बॅटरी घेऊन उभा राहिलो. पावणेअकराला गाडी आली. मुलगा दमलेला, वरमलेला. दादासाहेब मात्र ताजेतवाने. गाडी तिथेच एका ओळखीच्या अंगणात लावली आणि आम्ही चालत निघालो. ते माझ्या खांद्याला धरून होते. गर्दीत कोणी घोषणा देत होते, कोणी लहान मुलाला कडेवर घेतलेले. तळ्याच्या पायऱ्या आल्यावर त्यांनी चपला काढल्या, मुलाच्या हाती दिल्या आणि मला विचारले,

"सर, ते लोक आले ते कुठल्या बाजूने?"

मी हात करून दाखवले.